डेहनकर साहेबांचं रजिस्टर

खंडेनवमीला मी घरातल्या कुठल्याही यंत्राला हळदीकुंकू लावत नाही. मिक्सर, शिवणयंत्र, स्कूटी, मुलीचा कॉम्प्युटर, सगळी त्या दिवशी कोरडी राहतात. सासूबाई होत्या तोवर कुरकुरायच्या. आता कुणी विचारलंच तर राहून गेलं म्हणते. मी पूजेच्या विरोधात वगैरे नाही, देव्हाऱ्यात रोज दिवा लावते. पण यंत्राला कुंकू लावायला हात पुढे केला की डेहनकर साहेब समोर उभे राहतात आणि हात मागे घ्यावा लागतो.

साहेब आपलं आम्ही म्हणायचो. पगारपत्रकावर ते शेवटपर्यंत वरिष्ठ सहायकच होते. वर्ध्याच्या बाहेर आमचा कारखाना होता. कापसातली सरकी वेगळी काढायची आणि रुईच्या गाठी दाबायची यंत्रं तिथे बनत. नव्वदीच्या मध्यावर मी तिथे कायदा विभागात लागले. विभाग म्हणजे मी, एक लोखंडी कपाट आणि दुसऱ्या विभागाबरोबर वाटून घेतलेला एक शिपाई. कामगाराचं बोट सापडलं, ट्रकवाल्याने माल पाडला, असल्या केसेस. पहिल्याच आठवड्यात एक करार टाइप करून घ्यायला कॉम्प्युटरच्या खोलीत शिरले, तर आतून आवाज आला, “बाई, चपला!”

तेव्हा कुठे दाराबाहेरची चपलांची रांग माझ्या लक्षात आली. धुळीने मशीन बिघडतात म्हणून सगळीकडेच तेव्हा हा नियम असे. पण डेहनकरांच्या खोलीत तो देवळातल्यासारखा पाळला जाई. बुटका माणूस, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं आणि त्यांच्या मधोमध एक बारका स्क्रूड्रायव्हर. एकदा जनरल मॅनेजर, म्हणजे आमचे जीएम साहेब, पाहुण्यांना घेऊन आले आणि बुटांसकट आत निघाले. डेहनकर दारात आडवे उभे राहिले. जीएमनी हसत बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता. “साहेब, मोजा बदला,” डेहनकर गंभीरपणे म्हणाले, “अंगठ्याले लागलेली धूळबी मशीनले चालत नाई.” पाहुणे हसले, जीएमही हसले. जीएम ही गोष्ट विसरले असतील असं मला कधीच वाटलं नाही.

ते पवनारचे. रोज लुनावरून येत. घरी शेती होती, ती मोठा भाऊ पाहायचा. त्या भावाने स्वतःची शाळा सोडून याला शिकवलं होतं. त्यामुळे डेहनकरांच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनंतर ‘दादा’ यायचा. डब्यातली वांगी दादाच्या हातची, हिवाळ्यात पिशवी भरून आणलेल्या तुरीच्या शेंगा दादाने पाठवलेल्या. दादा पवनारच्या स्टॉपवर बसून सांगतो म्हणे, आमचा लहाना कारखान्यात कॉम्प्युटर चालवते. हे सांगताना साहेबांचा चेहरा फुलायचा, आणि मग ते एकदम लाजून कीबोर्ड पुसायला लागायचे.

आधी ते स्टोअर्समध्ये कारकून होते. कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बिघडला तर पगारातून कापतील या भीतीने कुणी त्याच्या जवळ जाईना. तो महिनाभर गोणपाटाखाली पडून होता. “बंदच हाय तं बिघडन काय?” असं म्हणून डेहनकरांनी गोणपाट उचललं. बाकीचं ते पुस्तकं वाचून आणि नागपूरला बसने जाऊन शिकले. दहा वर्षांत खोलीतल्या एका मशीनची शंभरावर मशीनं झाली, आणि ती सगळी या एका माणसाच्या ओळखीची होती.

पण स्टोअर्सची सवय त्यांच्या हाडात मुरलेली होती. आलं-गेलं लिहायचं. लाल कापडी पुठ्ठ्याचं एक जाड रजिस्टर त्यांच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात कायम असे. कोणत्या मशीनवर काय टाकलं, कधी टाकलं, कोणाच्या सांगण्यावरून टाकलं, सगळं त्यात. कुणी दारातून डोकं घालून म्हणालं, ‘डेहनकर, माझ्याही मशीनवर ते ड्रॉइंगचं टाकून द्या ना,’ की ते आधी पेन काढायचे. “कोणी सांगतलं? नाव सांगा. लिहिलं नाई तं झालं नाई.” हे त्यांचं वाक्य आम्ही त्यांच्याच सुरात म्हणून दाखवायचो. माझ्याही नावावर एक नोंद होती: ‘वकीलबाई, फ्लॉपी एक, परत नाई.’ ती फ्लॉपी मी परत केली होती असं मी वर्षभर भांडले. मग माझ्याच कपाटात सापडली.

हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर म्हणजे सगळ्या कारखान्याचा जीव. यंत्राचा प्रत्येक दात, प्रत्येक पातं त्यावर आखलं जाई. परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर. नियम असा की एक लायसन्स, एक मशीन. सुरुवातीला कारखान्याने रीतसर अठ्ठावीस लायसन्स घेतली. प्रत्येकाचा एक मोठा पुठ्ठ्याचा डबा यायचा, आत फ्लॉप्या, जाडजूड पुस्तकं आणि हिरव्या काठाचा एक कागद. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस डबे डेहनकरांच्या खोलीत फळीवर ओळीने लावलेले असत. खंडेनवमीला लेथ मशीनला, भट्टीला, ट्रकला हार पडत. डेहनकर मशीनांना हळदीकुंकू लावत आणि मग एकेका डब्यालाही. “मशीन तं नुसता पत्रा हाय बाई. खरी विद्या डब्यात हाय,” ते म्हणायचे. शेवटचं बोट लाल रजिस्टरला लागायचं. दरवर्षी त्याच जागी, त्यामुळे पुठ्ठ्यावर हळदीचा एक जाड डाग बसला होता.

मग आफ्रिकेची मोठी ऑर्डर आली. ड्रॉइंग विभागात नवी माणसं भरली, नागपूरहून नवी मशीनं आली. लायसन्स आली नाहीत. डेहनकरांनी रीतसर टिपण पाठवलं की इतकी लायसन्स घ्यावी लागतील. ते टिपण जीएमच्या सहीने परत आलं, वर दोन शब्द होते: ‘नंतर पाहू’. त्याच दिवशी तोंडी हुकूम आला की तोपर्यंत जुन्यावरूनच टाकून द्या. डेहनकरांनी टाकून दिलं. आणि ते सहीचं टिपण रजिस्टरात डिंकाने चिकटवून खाली लिहिलं, ‘जीएम साहेब, तोंडी हुकूम, वेळ साडेअकरा.’ असं तीन वर्षांत चारदा झालं, आणि चारी टिपणं त्यांनी चिकटवली. एकदा मला दाखवत म्हणाले, “हे कामून ठेवलं सांगू? उद्या कोणी म्हणन, डेहनकरनं चोरलं. तं दादाले काय तोंड दाखवू?”

मी हसले होते. कारखान्याची कायदा पाहणारी बाई मी, आणि तेव्हा मला हसू आलं.

त्याच सुमाराला फळीवर जागा पुरेना. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सीडीवर आली होती, जुन्या डब्यांचं काही काम उरलं नव्हतं, निदान आम्हाला तसं वाटलं. स्टोअर्सवाले म्हणाले कबाड्याला देऊन टाका. डेहनकर चिडले. आठ वर्षं हळदीकुंकू लावलेली वस्तू कबाड्याला? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्याची मॅटाडोर मागितली, पूजेचं निर्माल्य आणि अठ्ठावीस डबे तिच्यात भरले. मला त्या बाजूला एका साक्षीदाराकडे जायचं होतं, म्हणून मीही गाडीत बसले.

पवनारच्या पुलाखाली धाम नदीत काळे खडक आहेत. डेहनकर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला काठावर ओळीत ठेवून एका खडकावर उतरले. आधी नारळ सोडला. मग मी वरून एकेक डबा देत गेले आणि ते दोन्ही हातांनी पाण्यात ठेवत गेले. डबे आधी तरंगत, मग आतली पुस्तकं भिजली की वाकडे होत खाली जात. एका डब्याच्या फटीतून हिरव्या काठाचा कागद डोकावत होता. मी तो बोटाने आत सरकवला आणि डबा पुढे केला.

तो कागद म्हणजेच लायसन्स होतं. बाकीचं सगळं पुस्तक आणि पुठ्ठा. मी कायद्याची पदवी घेतलेली बाई, तो कागद माझ्या बोटाला लागला आणि मी तो वाचला नाही. परत आल्यावर डेहनकरांनी रजिस्टरात नोंद केली, ‘जुने डबे २८, धाम नदीत विसर्जन.’ खाली नेहमीप्रमाणे हजर असलेल्यांची नावं लिहिली. त्यात माझं नाव होतं.

काही वर्षांनी त्या सॉफ्टवेअर कंपनीचं पत्र आलं. भाषा गोड होती. करारातल्या अमुक कलमाप्रमाणे आम्ही तुमच्या मशीनांची तपासणी करू, सहकार्य अपेक्षित आहे. त्या गोडव्याखाली काय आहे हे मला कळलं. शंभरावर मशीनं आणि लायसन्स अठ्ठावीस. वर फौजदारीची भीती, कारण बिनपरवाना नक्कल हा गुन्हा, आणि त्यात कारखान्याच्या संचालकांची नावं येऊ शकत होती. निदान अठ्ठावीस तरी आपली आहेत हे दाखवायला मी बिलं शोधायला गेले. जुनी बिलं ठरलेल्या मुदतीनंतर रद्दीत गेली होती, आणि ज्या नागपूरच्या दुकानदाराकडून घेतलं त्याचं दुकान कधीच बंद झालं होतं. सॉफ्टवेअर कंपनी म्हणाली, मूळ डबे दाखवा. नवी आवृत्ती जुन्याच लायसन्सवर मिळालेली आहे, जुनं नसेल तर नवंही तुमचं नाही.

तपासणीला दिल्लीहून दोघे आले. त्यांनाही डेहनकरांनी चपला काढायला लावल्या. त्यांतल्या चष्मेवाल्याने तीन दिवस प्रत्येक मशीन उघडून पाहिलं आणि चौथ्या दिवशी जीएम आणि माझ्यासमोर डेहनकरांना विचारलं, “ओरिजिनल डिब्बे कहाँ हैं?”

“नदी में,” डेहनकर म्हणाले.

चष्मेवाल्याने पेन खाली ठेवलं.

“पूजा होती थी न उनकी. कचरे में कैसे डालते? तो नदी में छोड़ दिए, नारियल के साथ.”

“मॅडम, ये मज़ाक कर रहे हैं क्या?” तो माझ्याकडे वळला. मी मान हलवली. नाही, थट्टा नाही.

“साथ में कौन था?”

माझ्या हातात फाइल होती. तिची नाडी मी बोटाला गुंडाळत होते. डेहनकरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. “मैं अकेला था,” ते म्हणाले. “ड्राइवर ऊपर गाड़ी में था.” आयुष्यभर जे झालं तेच लिहिणारा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला, आणि मी बोलू दिलं.

मग मुंबईहून मोठे वकील आले. वयस्क, मृदू बोलणारे. मी त्यांच्यासाठी सगळी कागदपत्रं लावून दिली होती. ती चाळून ते म्हणाले, डबे नदीत सोडले हे कुठल्याही कोर्टात सांगून उपयोग नाही, लोक हसतील. बचाव एकच. हे सगळं एका कर्मचाऱ्याने वरिष्ठांना न कळवता परस्पर केलं, कळताच कारखान्याने कारवाई केली, आता कारखाना नवी लायसन्स घ्यायला तयार आहे. म्हणजे संचालक सुटतात आणि तडजोड होते. “दुसऱ्या बाजूने कॉम्प्युटर विभागाचं रेकॉर्ड लेखी मागितलंय,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “असेल तर दाखवावं लागेल. नसेल तर प्रश्नच येत नाही.” जीएमनी यावर काही विचारलं नाही. मीही नाही.

डेहनकरांच्या नावाने कबुलीचं पत्र मीच लिहिलं. वकिली भाषा मला चांगली येते, त्याचं मला तेव्हा कौतुक वाटे. ते माझ्या खोलीत आले, सवयीने दाराबाहेर चपला काढल्या, आणि बसून प्रत्येक ओळीखाली बोट ठेवत पत्र वाचलं.

“बाई, यात ‘स्वतःच्या मर्जीने’ असं लिहिलं. मर्जी माही कुठं होती?”

“साहेब, तसं लिहिल्याशिवाय वरचे सुटत नाहीत.”

“पुस्तकातलं बोलू नका. सिद्दं सांगा.”

मी आर्वीची. घरी मीही असंच बोलते, ऑफिसात जीभ धुऊन ठेवायची सवय लागलेली. म्हटलं, “तुमच्यावर घेतलं तरच कारखाना वाचते. नाई तं केस होईन. जीएम म्हणून राह्यले, वर्षभरानं तुमाले दुसऱ्या युनिटमध्ये परत घेऊ आणि सगळ्याईले खरं काय ते सांगू.”

त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. “डबे तं मीच सोडले,” म्हणाले. “ते राह्यते तं अठ्ठावीस तरी वाचले असते. तेवढी चूक माहीच हाय. तुमी नुसतं गाडीत बसून होत्या.” मग उठून गेले आणि दहा मिनिटांत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लाल रजिस्टर घेऊन आले. “हे तुमच्या कपाटात ठेवजा. माह्या टेबलावर राह्यलं तं कोणी नेईन. प्रकरण मिटलं का बाहेर काढजा. यात साहेबाच्या सह्या हाय, माहं नाव साफ हाय. एवढं असलं म्हंजे मले भेव नाई.”

मी कपाट उघडून रजिस्टर आत ठेवलं, कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये टाकताना त्यांनी बघितली. त्यानंतरच त्यांनी सही केली.

दोन दिवसांनी जीएमनी मला बोलावलं. जीएम वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणेन. घरात तीन पिढ्यांचा व्यापार, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी, माझ्या लग्नात साडी घेऊन आलेले. म्हणाले, “मॅडम, वो लाल रजिस्टर तुमच्याकडे आहे ना? घेऊन या जरा.”

“साहेब, ते त्यांनी माझ्याकडे विश्वासाने ठेवलंय.”

“तुम्ही कारखान्याच्या वकील आहात की डेहनकरच्या?” त्यांचा आवाज चढला नाही. “आणि देखो, नदीवर त्या दिवशी अजून कोण होतं ते ड्रायव्हरने मला सांगितलंय. त्या रजिस्टरमध्ये पण ते नाव असेल. माझं एकट्याचंच थोडी आहे त्यात.”

मला उत्तर देता आलं असतं. उत्तरं देणं हेच माझं काम होतं. पण नवऱ्याची नोकरी तेव्हा गेली होती, पिपरी मेघेला आम्ही घर बांधायला काढलं होतं, आणि माझ्या डोळ्यांपुढे रजिस्टरातलं माझं नाव उभं राहिलं. या कारणांतलं खरं कोणतं हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. मी घाबरले, हे खरं. बाकीची कारणं मागाहून गोळा केलेली आहेत.

रजिस्टर मी स्वतः नेलं. जीएमनी हातात घेतलं नाही, फक्त म्हणाले, “भट्टीवर देऊन या.” ओतकामाची भट्टी त्या दिवशी चालू होती. मी वर्तमानपत्रासकट रजिस्टर फोरमनच्या हातात दिलं. त्याने कागद बाजूला केला, पुठ्ठ्यावरचा हळदीचा डाग त्याला दिसला. “पूजेचं हाय का मॅडम?” त्याने विचारलं. मी म्हटलं, जुनं झालंय. त्याने ते दोन्ही हातांनी कपाळाला लावलं आणि मग आत टाकलं.

तडजोड झाली. नवी लायसन्स आली, सगळी ओळीने. संचालकांवर केस झाली नाही. मुंबईच्या वकिलांनी जाताना जीएमसमोर माझी पाठ थोपटली, आणि पुढच्या वर्षी दारावरच्या पाटीवर माझ्या नावाखाली ‘कायदा अधिकारी’ आलं. कॉम्प्युटरच्या खोलीत लोक बुटांसकट जायला लागले. मशीनांना काहीही झालं नाही.

डेहनकरांना परत कुणी बोलावलं नाही. त्यांनी सुरुवातीला फोन केले, मग पत्रं पाठवली, प्रत्येक पत्राला जावक क्रमांक घातलेला. जीएम बदलून गेले. वर्ध्याच्या एका कॉम्प्युटर क्लासने त्यांना ठेवून घेतलं होतं, पण कारखान्याच्या भानगडीत नाव होतं हे कळल्यावर काढलं. आणि गावात तर वेगळंच झालं. सॉफ्टवेअरची नक्कल करणं ही काय चोरी असते हे पवनारच्या स्टॉपवर कुणाला समजणार? लोकांनी समजेल तसं करून घेतलं. डेहनकरने कारखान्यातले शंभर कॉम्प्युटर विकून खाल्ले. दादाने पहिल्यांदा लोकांशी भांडण केलं. मग त्याने याला विचारलं, तू सही केली का? हा खोटं कसं बोलणार? केली म्हणाला. त्या दिवसापासून दादा त्याच्या पंगतीला बसत नाही.

हे मला त्यांनीच सांगितलं, बाजारात एकदा भेटले तेव्हा. राग नव्हता. उलट म्हणाले, “मी दादाले सांगतलं, माहं रजिस्टर वकीलबाईजवळ हाय. कुलपात हाय. टाइम आला का त्या दाखवतीन.” आणि पिशवीतली चार वांगी काढून माझ्या पिशवीत टाकली. मी ती घरी नेऊन शेजारणीला दिली.

त्यानंतर मी बुधवारचा बाजार सोडला. पवनारवरून जायचं झालं तर खिडकीच्या उलट बाजूला बसायची. भित्र्या माणसाला एवढी कसरत जमते.

शेवटचे दिसले ते सावंगीच्या दवाखान्यात. मी सासूबाईंचे रिपोर्ट घ्यायला गेले होते. लांब गल्लीत बाकावर एक वाळलेला माणूस बसलेला, अंगावर पांढराच बुशशर्ट पण दुसऱ्या कुणाचा वाटावा इतका मोठा. खिशात पेन एकच. मी ओळखलं नसतं, त्यांनीच हाक मारली, “बाई!” शेजारी त्यांची बायको होती. तिला म्हणाले, “ह्याच त्या.” तिने ताडकन उठून मला दोन्ही हात जोडले. मी मोठ्या आजाराचं नाव विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

“भेटल्या ते बरं झालं,” ते म्हणाले. दम लागत होता. “कारखाना, जीएम, सगळं जाऊ द्या आता. मले काई नाई पायजे. फकत दादाले एक डाव दाखवा ते. त्याले वाचता येते. साहेबाची सही दाखवा, ‘नंतर पाहू’ दाखवा. त्यानं पाह्यलं का झालं. मंग धामेत सोडून द्या. पूजेचं हाय, कचऱ्यात नका टाकजा.”

त्यांची बायको माझ्या तोंडाकडे बघत होती.

“कोरडं हाय ना? कागदाले वायवी तं नाई लागली?”

खरं सांगायची तीच वेळ होती, त्यानंतर ती आली नाही. मी म्हटलं, “नाई लागली. माह्याजवळच हाय. लोखंडी कपाटात.”

“कवा येता?”

“येते. पुढच्या आठवड्यात.”

“लिहून ठेवा मंग, बाई. कामाच्या माणसाले ध्यानात नाई राह्यत.”

मी पर्समधून डायरी काढली. पेन सापडेना, तर त्यांनी खिशातलं आपलं पेन पुढे केलं. मी लिहिलं: ‘रजिस्टर. पवनार. डेहनकरांच्या दादाला दाखवणे.’ त्यांनी मान वाकडी करून ते उलट्या बाजूने वाचलं, पुरं वाचलं, आणि चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. “झालं,” ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी गेले नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात ते गेल्याचं कळलं. दादा अजून आहे, म्हातारा झालाय, पवनारच्या स्टॉपवर बसतो असं ऐकते. दाखवायला माझ्याकडे काही नाही. पण त्या रजिस्टरात काय होतं हे सांगू शकणारी मी एकटी उरले आहे, म्हणून हे नावागावासकट लिहिलं. चार टिपणं होती. चारींवर जीएमची सही होती. डेहनकरांनी एकही मशीन, एकही फ्लॉपी, एकही कागद चोरला नव्हता. डबे नदीत सोडताना मी बरोबर होते. दादाला वाचता येतं, एवढ्यावर माझी भिस्त आहे.

त्या दिवशी दवाखान्यात आतून नर्सने नाव पुकारलं. बायकोने दंडाला धरून त्यांना उठवलं. वॉर्डाच्या दारातून माणसं बूट-चपलांसकट आत-बाहेर करत होती, कुणी कुणाला अडवत नव्हतं. डेहनकर साहेब उंबऱ्यापाशी थांबले. भिंतीला हात टेकून त्यांनी चपला काढल्या, पायानेच सरकवून शेजारी शेजारी नीट लावल्या, आणि अनवाणी आत गेले. त्यांचं पेन माझ्या हातातच राहिलं होतं.